पहिला सिंथ: हार्डवेअर घ्यावा की सॉफ्टवेअरवर भागवावं?

सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, शिकायचं मनावर घेतलं की लगेच एक प्रश्न आडवा येतो. संगणकावर फुकट मिळणाऱ्या प्लगिनमधून (म्हणजे संगीताच्या प्रोग्रॅममध्ये जोडायच्या सॉफ्टवेअर सिंथमधून) जवळपास सगळे आवाज निघत असतील, तर वेगळं यंत्र विकत घेण्यात अर्थ काय? प्रश्न रास्त आहे. ‘ज्याची त्याची आवड’ असं म्हणून तो उडवून लावणं मला पटत नाही, म्हणून माझं मत आधीच सांगतो. आवाजाच्या दर्जात सॉफ्टवेअरने बरोबरी गाठली आहे. आवाजांची संख्या, सोय आणि खर्च यांत ते कधीच पुढे निघून गेलं. तरीही हार्डवेअर टिकून आहे आणि माझ्या मते टिकेल. बोट नॉबला (फिरवायच्या बटणाला) लागल्यापासून कानाला बदल ऐकू येईपर्यंत मध्ये काय काय येतं, यावर आता खरी निवड ठरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा एकच मुद्दा तुमच्या हाताला आणि कानाला पटवण्यासाठी आहेत.

हे नुसतं माझं मत नाही, या यंत्रांच्या इतिहासातही ते दिसतं. डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्सने १९७८ मध्ये प्रॉफेट-५ आणला आणि बनवलेला आवाज मेमरीत साठवून बटण दाबताच परत मिळवायची सोय रुळवली. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि स्मिथ यांच्या पुढाकारातून १९८३ मध्ये मिडी आलं, म्हणजे वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा. पुढे याच स्मिथनी सीअर सिस्टिम्स या कंपनीत काम करताना ‘रिॲलिटी’ नावाचा, साध्या पीसीच्या प्रोसेसरवर चालणारा सिंथ १९९७ मध्ये बाजारात आणला. म्हणजे सॉफ्टवेअर काय करू शकतं हे त्यांच्याइतकं आधी फार थोड्यांना कळलं होतं. असा माणूस २००२ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढतो, ती पुन्हा हार्डवेअर बनवायला.

कॉर्गचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. त्यांचा एमएस-२० हा १९७८ चा सिंथ. २००४ मध्ये कॉर्गने तो सॉफ्टवेअर रूपात विकायला काढला, आणि सोबत त्याच पॅनेलची छोटी यूएसबी प्रतिकृती दिली, सिंथचे भाग एकमेकांना जोडायच्या पॅच केबलच्या खाचांसकट. आवाज संगणकातून येणार हे ठरलेलं असूनही नॉब आणि केबल हाताशी हव्यात हे कंपनीला तेव्हाच उमगलं होतं. २०१३ मध्ये त्यांनी एमएस-२० मिनी काढला, तो परत अस्सल ॲनालॉग, म्हणजे आवाज आकड्यांच्या हिशोबाने नाही तर थेट विजेच्या सर्किटने घडवणारा.

पायरी १: आत काय आहे ते ओळखा

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. हार्डवेअर म्हणजे ॲनालॉग आणि सॉफ्टवेअर म्हणजे डिजिटल, अशी वाटणी डोक्यात बसलेली असते. ती चुकीची आहे. यामाहाचा डीएक्स७ (१९८३) हा आजवरच्या सर्वांत गाजलेल्या हार्डवेअर सिंथपैकी एक, आणि तो पूर्ण डिजिटल होता; स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाऊनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीचं (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या वेगात हलवण्याचं) गणित त्याच्या चिप्स करत असत. क्लाव्हियाचा नॉर्ड लीड १९९५ मध्ये आला तो ॲनालॉगची नक्कल करणारं डिजिटल यंत्र म्हणून. कॉर्गच्या क्रोनॉसमध्ये इंटेलचा प्रोसेसर आणि लिनक्स होतं. त्यांच्याच वेव्हस्टेटच्या पोटात तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जातीचं कॉम्प्युट मोड्यूल आहे.

म्हणून एखादं यंत्र आवडलं की त्याची तांत्रिक माहिती उघडून ‘ॲनालॉग’, ‘व्हर्च्युअल ॲनालॉग’, ‘वेव्हटेबल’, ‘एफएम’, ‘सॅम्पल’ यांपैकी कुठला शब्द आहे ते बघा (पहिला सोडला तर बाकीचे बहुधा डिजिटल). यंत्र डिजिटल असेल आणि त्याच कंपनीने त्याची प्लगिन आवृत्तीही काढली असेल, तर आवाजासाठी यंत्र घ्यायची गरज नाही हे मनाशी स्पष्ट ठेवा. वेव्हस्टेट आणि ऑप्सिक्सच्या अशा आवृत्त्या कॉर्गने काढल्या आहेत. तिथे तुम्ही पैसे मोजता ते पॅनेलचे, कळांचे आणि वेगळ्या स्वतंत्र यंत्राचे. ते मोजण्यात काही वावगं नाही. फक्त कशाचे मोजतोय ते माहीत हवं.

पायरी २: एकच प्लगिन घ्या आणि एक आवाज शून्यातून बांधा

सुरुवात सॉफ्टवेअरनेच करा. याला मला एकही पटणारा अपवाद दिसत नाही. सर्ज एक्सटी पूर्ण मोफत आणि मुक्तस्रोत आहे, व्हायटलची मोफत आवृत्ती मिळते. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. यातला कुठलाही एक घ्या आणि दुसरा उघडूच नका. शेकडो प्रीसेट (तयार आवाज) चाळत बसण्याचा मोह होईल, पण प्रीसेट चाळून सिंथ येत नाही.

‘इनिट’ नावाचा कोरा पॅच (आवाजाची साठवलेली मांडणी) उघडा. त्यात एक ऑसिलेटर (मूळ लहर काढणारा भाग) असेल, सॉ वेव्हचा, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या लहरीचा. एक खालचा सूर धरून ठेवा. खरखरीत, भरलेला आणि जरासा कंटाळवाणा आवाज येईल. आता दुसरा ऑसिलेटर सुरू करा, त्याच सप्तकात, तोही सॉ, आणि त्याचा सूर ६ सेंटने वर न्या. (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग.) आवाज लगेच हलायला लागेल, कारण दोन जवळजवळ सारख्या लहरी एकमेकींना कधी साथ देतात, कधी कापतात. आता ४४० हर्ट्झचा सूर दाबा: हेलकावा सेकंदाला साधारण दीडदा येतो. तीन सप्तकं खाली ५५ हर्ट्झवर जा: मूळ सुराचा तोच हेलकावा यायला पाचेक सेकंद लागतात. डीट्यून (दोन ऑसिलेटरच्या सुरांतला फरक) तेवढाच, पण वरच्या सुरांत थरथर आणि खालच्या सुरांत संथ लाट. बेसचा आवाज बनवताना डीट्यून किती ठेवायचा हे तुम्हाला इथून पुढे कुणाला विचारावं लागणार नाही.

मग फिल्टर. लो-पास (खालची कंपनं जाऊ देणारा आणि वरची अडवणारा) निवडा, २४ डीबी उताराचा, म्हणजे झपाट्याने कापणारा, आणि कटऑफ (कापायला सुरुवात होते ती जागा) २५० हर्ट्झच्या आसपास आणा. आवाज गुदमरल्यासारखा होईल. रेझोनन्स (कटऑफपाशी येणारा उठाव) थोडा वाढवा, पाव भागापर्यंत. आता फिल्टरला एन्व्हलप (काळानुसार चढउतार ठरवणारा भाग) जोडा: अटॅक (चढायचा वेळ) शून्य, डिके (उतरायचा वेळ) ३०० मिलिसेकंद, सस्टेन (कळ धरलेली असताना टिकणारी पातळी) जवळजवळ शून्य. एन्व्हलपची मात्रा हळूहळू वाढवत एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवा. एका टप्प्यावर गुदमरलेला आवाज ‘बोलायला’ लागतो. प्रत्येक सुराला सुरुवातीला तोंड फुटतं आणि मग तो मिटतो. शेवटी व्हॉइस मोड मोनो (एका वेळी एकच सूर) करा, ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा वेळ) ५० मिलिसेकंद ठेवा आणि कळ जोरात दाबली की फिल्टर जास्त उघडेल अशी व्हेलॉसिटी जोडा. हा बेस झाला. जगात जितके सबट्रॅक्टिव्ह (भरलेला आवाज फिल्टरने कापणारे) सिंथ आहेत, १९७० च्या मिनीमूगपासून कालपरवाच्या प्लगिनपर्यंत, त्यांतल्या बहुतेकांवर, व्हेलॉसिटी सोडली तर, हाच बेस याच क्रमाने बांधता येतो.

आता खरा प्रयोग. सूर वाजत असताना कटऑफ वर न्या आणि त्याच वेळी डिके कमी करा, दोन्ही एकत्र, लयीत. माऊसने जमत नाही, कारण माऊसला एकच टोक असतं. ही अडचण तुम्हाला आत्ता बोचली की नाही, हे लक्षात ठेवा. पुढच्या पायऱ्यांना लागेल.

पायरी ३: संगणकाला वाद्य करा

‘प्लगिनमध्ये दम नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार खरं तर लेटन्सीची असते. कळ दाबल्यावर आवाज उशिरा आला की वाजवणारा नकळत वाद्यावर रुसतो आणि दोष आवाजाला देतो.

हिशोब सोपा आहे. बफर म्हणजे संगणक एका वेळी तयार करतो तो सॅम्पलचा (आवाजाच्या नमुन्यांचा) गठ्ठा. बफरमधले सॅम्पल भागिले सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल. ४८,००० हर्ट्झवर १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५.३, १२८ चा म्हणजे २.७. यावर इंटरफेसचा (संगणकात आवाज आत-बाहेर नेणाऱ्या डब्याचा) आणि ड्रायव्हरचा स्वतःचा थोडा उशीर चढतो. हवेत आवाज ३ मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो, म्हणजे एकूण १० मिलिसेकंद हे स्पीकरपासून साडेतीन मीटर दूर उभं राहण्यासारखं आहे. वाजवताना बफर १२८ किंवा २५६ वर ठेवा; मिक्स करताना वाढवा. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर वापरा, संगणकाच्या आतल्या साउंड कार्डवर विसंबू नका. ब्लूटूथ हेडफोन वाजवण्यासाठी पूर्णपणे बाद, त्यांचा उशीर कुठल्याही सेटिंगने पुरेसा कमी होत नाही.

एवढं झाल्यावरच हार्डवेअरशी तुलना करा, नाहीतर ती तुलना प्रामाणिक होत नाही.

पायरी ४: नॉब असलेला मिडी कीबोर्ड

दोन-तीन सप्तकांचा, आठेक नॉब असलेला साधा कीबोर्ड पुरतो. पायरी २ मधला बेस उघडा आणि कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलपची मात्रा आणि डिके हे चारच नॉबना जोडा, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. सगळे नॉब जोडायच्या नादी लागू नका. कुठला नॉब कशाचा हे आठवावं लागलं की हात थांबतो.

इथेच सॉफ्टवेअरची एक मर्यादा हाताला कळते. मूळ मिडीत नॉबचा संदेश ० ते १२७ एवढ्याच आकड्यांत जातो. कटऑफसारखा संवेदनशील भाग हळू फिरवला तर या १२८ पायऱ्या कधी कधी कानाला ऐकू येतात. चांगली प्लगिन मधल्या पायऱ्या गुळगुळीत करून घेतात, आणि २०२० मध्ये संमत झालेल्या मिडी २.० मध्ये ही बारकाई कितीतरी पटींनी वाढली आहे. पण ती कामी यायला कीबोर्ड, संगणकाची प्रणाली आणि प्लगिन अशा तिघांनाही मिडी २.० यायला हवं. दुसरी अडचण पॅच बदलताना येते. पडद्यावरचा कटऑफ एकीकडे, हातातला नॉब दुसरीकडे. हात लावला की आवाज उडी मारतो. प्रीसेट साठवणाऱ्या हार्डवेअर सिंथवरही हे होतं, म्हणून त्यात ‘जंप’, ‘कॅच’ किंवा ‘स्केल’ असे पर्याय असतात. मेमरीच नसलेल्या साध्या ॲनालॉगवर मात्र नॉब जिथे दिसतो तिथेच आवाज असतो. जे डोळ्यांना दिसतं तेच कानाला ऐकू येतं, हे सुख पहिल्यांदा अनुभवलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ५: कानाची परीक्षा

ऐकीव मतांवर निर्णय घेऊ नका. ओळखीच्या कुणाकडे हार्डवेअर असेल, किंवा दुकानात वाजवून बघायला मिळत असेल, तर ही परीक्षा घ्या. ते न जमल्यास कच्च्या, इफेक्ट न लावलेल्या ध्वनिमुद्रणावर भागवा.

दोन्हींवर तोच साधा आवाज बांधा. दोन्हींचा लेव्हल सारखा करा, मीटरवर बघून. हे टाळू नका. एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘भरदार’ म्हणतो, आणि निकाल तिथेच बिघडतो. इफेक्ट बंद ठेवा. मग दुसऱ्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगून पाठमोरे बसून ऐका.

मधल्या सप्तकातल्या साध्या आवाजात बहुतेक लोकांना फरक सांगता येत नाही. फरक असलाच तर तो कोपऱ्यांत सापडतो, म्हणून तिथेच शोधा. रेझोनन्स पूर्ण चढवा, इतका की फिल्टर स्वतःच शीळ घालू लागेल, आणि ती शीळ कीबोर्डवर खालीवर न्या. अगदी वरच्या सप्तकात ऑसिलेटर सिंक (एक ऑसिलेटर दुसऱ्याची लहर दर वेळी पुन्हा सुरुवातीला आणतो ती सोय) लावून सूर सरकवा. कमी प्रतीच्या प्लगिनमध्ये इथे मूळ सुराशी नातं नसलेले, उलट दिशेने सरकणारे बारीक आवाज ऐकू येतात. यालाच एलियासिंग म्हणतात. सॅम्पल रेटच्या निम्म्याहून वरच्या कंपनांना डिजिटलमध्ये जागा नसते, ती आरशातून परतावीत तशी खाली परततात. ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर हिशोब करणं) वाढवलं की हे कमी होतं, पण प्रोसेसरवर भार येतो. यू-ही कंपनीच्या डिवामध्ये दर्जाचे वेगवेगळे मोड दिले आहेत ते याचसाठी. सगळ्यात वरच्या मोडला साधा संगणक धापा टाकतो. तिसरा कोपरा म्हणजे ऑसिलेटरने फिल्टरचा कटऑफ वेगात हलवणं. अस्सल ॲनालॉगला या सगळ्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत, कारण तिथे विजेचा दाब सलग बदलत असतो.

परीक्षेनंतर स्वतःला विचारा की सापडलेले फरक तुमच्या गाण्यात, ढोलक्या-गिटारी-आवाजाच्या गर्दीत ऐकू येणार आहेत का. माझ्या अनुभवात हे फरक खरे असतात, पण गर्दीत फार क्वचित उरतात. यंत्र घेण्याचं कारण मला तिथे कधी मिळालं नाही. ते मिळालं वाजवताना.

पायरी ६: ठरवा

गाण्यात वीस-तीस ट्रॅक असतील, दर आठवड्याला ‘यात जरा बदल करून द्या’ असा निरोप येत असेल, तर सॉफ्टवेअर. विचारही करू नका. सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडल्यावर प्रत्येक आवाज होता तसाच समोर येणं, एकाच सिंथच्या दहा प्रती एका वेळी चालवता येणं, याला हार्डवेअरकडे उत्तर नाही.

एखादा प्रसिद्ध आवाज हवा असेल तरी सॉफ्टवेअरच. डीएक्स७ च्या आवाजासाठी जुना डीएक्स७ शोधत फिरू नका. डेक्स्ड हे मोफत प्लगिन तेच गणित करतं आणि डीएक्स७ च्या जुन्या पॅच फाइलीही वाचतं.

दिवसभर पडद्यासमोर काम करून संध्याकाळी पुन्हा पडदाच उघडावासा वाटत नसेल, तर मात्र हार्डवेअरचा विचार मनापासून करा. हे कारण मला आवाजाच्या कारणापेक्षा जास्त वजनदार वाटतं. बटण दाबलं की काही सेकंदांत वाजायला तयार असलेलं, मध्येच अपडेट न मागणारं यंत्र जास्त वेळा वाजवलं जातं, आणि जास्त वेळा वाजवलेलं वाद्य जास्त येतं. पायरी २ मध्ये माऊसची अडचण तुम्हाला खरोखर बोचली असेल, तरीही उत्तर हेच. रंगमंचावर वाजवणाऱ्यांसाठीही हेच म्हणेन, कारण कार्यक्रमात अडकलेला संगणक सावरायला वेळ मिळत नाही.

एक इशारा. छोटा पडदा, चार नॉब आणि मेनूंची रांग असलेलं हार्डवेअर पहिला सिंथ म्हणून घेऊ नका, ते कितीही ताकदवान असलं तरी. त्यात सॉफ्टवेअरची सोय नाही आणि हार्डवेअरचा हातही नाही. पहिल्या यंत्रावर कटऑफ, रेझोनन्स आणि दोन्ही एन्व्हलपना (एक फिल्टरचा, एक आवाजाच्या पातळीचा) स्वतंत्र नॉब किंवा स्लायडर हवेतच. व्हॉइस (एका वेळी वाजू शकणारे सूर) कमी असले, अगदी मोनो असला, तरी चालेल.

पायरी ७: विकत घेताना

नव्या यंत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वापरलेल्या यंत्राबद्दल आहे, आणि नवख्यांनी वापरलेलं घ्यायला घाबरू नये. प्लगिनचा परवाना पुष्कळदा विकता येत नाही किंवा विकताना अटी असतात. चांगला सिंथ वापरून परत विकता येतो, आणि हार्डवेअर टिकून राहण्यामागे हेही एक साधं कारण आहे.

सिंथ सुरू करून वीस मिनिटं तसाच ठेवा. ॲनालॉग ऑसिलेटर तापल्यावरच स्थिरावतात. थंड यंत्राचा सूर तपासून काही कळत नाही. तोवर प्रत्येक कळ हळू आणि जोरात दाबून बघा, प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर बहुधा धूळ असते, स्वच्छ करता येते. आवाज मध्येच तुटला तर भाग झिजलेला असू शकतो.

पॉलिफोनिक (एका वेळी अनेक सूर वाजवणारा) असेल तर व्हॉइस एकेक करून तपासायचे. रिव्हर्ब-कोरस बंद करा, एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवा, यंत्रात जितके व्हॉइस आहेत त्याच्या निदान दुप्पट वेळा. बहुतेक जुने पॉली सिंथ प्रत्येक नव्या सुराला पुढचा व्हॉइस देतात. सहा व्हॉइसच्या यंत्रावर दर सहावा सूर मंद, बेसूर किंवा गप्प निघाला, तर एक व्हॉइस आजारी आहे. रोलँडच्या जुनो-१०६ वर (१९८४) ही तपासणी न करता पैसे देऊच नका. त्याच्या व्हॉइस चिप्स राळेच्या आवरणात बंद आहेत आणि वयोमानाने त्या दगा देतात. दुरुस्त करणारे ॲसिटोनमध्ये बुडवून ते आवरण उतरवतात किंवा नवी बदली चिप बसवतात.

एक पॅच साठवा, यंत्र बंद करून परत सुरू करा, पॅच आहे का बघा. ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांत ही मेमरी एका छोट्या बॅटरीवर जगते. ती बदलता येते, पण बदलण्याआधी सगळे पॅच संगणकावर उतरवून घ्यावे लागतात. शेवटी अडॅप्टर. मूळ अडॅप्टर सोबत नसेल तर यंत्रावर छापलेलं व्होल्टेज, अँपिअर आणि पोलॅरिटीचं चिन्ह वाचा. मधला पिन धन की ऋण हे कंपनीगणिक बदलतं, आणि उलटा लावलेला अडॅप्टर यंत्र एका क्षणात जाळू शकतो.

पायरी ८: जोडणी

मिडीची जुनी जोडणी पाच पिनच्या गोल केबलने होते. हल्लीच्या छोट्या यंत्रांवर ती ३.५ मिमीच्या खाचेत असते आणि तिचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार आहेत. प्रकार चुकला तर काही जळत नाही, फक्त काहीच वाजत नाही, आणि नवखा माणूस तासन् तास सेटिंग शोधत बसतो. आधी केबल तपासा.

प्रत्येक सूर दोनदा वाजल्यासारखा, जाडसर आणि पोकळ येत असेल तर सिंथचा ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. कळ दाबल्यावर सिंथ स्वतः एकदा वाजतो आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून फिरून आलेल्या संदेशाने दुसऱ्यांदा. लय जुळवायला मिडी क्लॉक पुरतं; ते प्रत्येक मात्रेला २४ ठोके पाठवतं. क्लॉक पाठवणारा एकच ठेवा, बाकी सगळे ऐकणारे.

आवाजासाठी सिंथचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडा, माइकच्या नाही. सगळ्यात जोरदार सूर उणे १२ डीबीच्या आसपास राहील इतकाच गेन (इनपुटची पातळी) ठेवा. घुं असा गुणगुणाट आला तर तो बहुधा ग्राउंड लूप असतो. सगळी यंत्रं एकाच वीजपट्टीवर आणून बघा. यूएसबी केबल काढल्यावर आवाज थांबत असेल तर ती न लावता पाच पिनची मिडी केबल वापरा, किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांची विजेची थेट जोडणी तोडणारा भाग) असलेला डीआय बॉक्स घाला. प्लगचा अर्थिंगचा पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने जीव जाऊ शकतो.

पायरी ९: लगेच ध्वनिमुद्रित करा

हार्डवेअर वाजवताना मिडी आणि आवाज दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करा. नॉब हलवायचा असेल तर तोही रेकॉर्डिंग चालू असतानाच हलवा. ‘नंतर नीट करू’ म्हणून ठेवलेला ॲनालॉग आवाज नंतर तसाच सापडत नाही. मेमरी नसेल तर पॅनेलचा फोटो काढून ठेवा, तरी तो तंतोतंत जुळणार नाही. याची सवय लागली की एक चांगली गोष्ट घडते. निर्णय तिथल्या तिथे घेतले जातात आणि गाणं पुढे सरकतं. मोनो सिंथवर कॉर्ड हवी असेल तर सूर एकेक करून तीन वेळा रेकॉर्ड करा, दर वेळी कटऑफ किंचित बदलून. तीन ट्रॅक एकत्र वाजले की येणारी हालचाल प्लगिनच्या एका झटक्यातल्या कॉर्डमध्ये नसते. हीच युक्ती प्लगिनवरही चालते. फक्त तिथे गरज पडत नसल्याने कुणी करत नाही.

प्लगिनचे ट्रॅकही गाणं पूर्ण झालं की आवाजाच्या फाइलीत उतरवून ठेवा. सॉफ्टवेअर जुनं होत नाही हा समज खोटा आहे. ॲपलने २०१९ च्या कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्रॅम बंद केले, तेव्हा नवी आवृत्ती न निघालेली प्लगिन त्या मॅकवर एका अपडेटमध्ये मुकी झाली. कॅमल ऑडिओची अल्केमी ही प्लगिन विंडोजवरही मिळायची. २०१५ मध्ये ॲपलने ती कंपनी घेतली आणि अल्केमी पुढे फक्त लॉजिकसारख्या ॲपलच्या स्वतःच्या संगीत प्रोग्रॅममध्ये उरली. दुसरीकडे हार्डवेअरचे कपॅसिटर वाळतात, बॅटऱ्या संपतात, चिप्स मिळेनाशा होतात. म्हणून पॅचच्या बाबतीत दोन्हीकडे एकच शिस्त ठेवा. यंत्रातले पॅच सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेशाने (त्या त्या यंत्रापुरत्या खास मिडी संदेशाने) संगणकावर उतरवा आणि प्लगिनचे प्रीसेट वेगळ्या फोल्डरमध्ये, सिंथचं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवा. डीएक्स७ च्या ३२ पॅचची एक बँक ४,१०४ बाइटची असते, एखाद्या छोट्या फोटोपेक्षाही कितीतरी लहान. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी अशा बँका उतरवून ठेवल्या, म्हणून आज डेक्स्डमध्ये त्या उघडून वाजवता येतात. पायरी २ मधला तुमचा बेसही पहिली फाइल म्हणून त्याच फोल्डरमध्ये टाका.